तिथी चंद्राची, ऊन सूर्याचे

पाडवा ते रामनवमी : कोकण किनाऱ्यावरील हवामान आणि आपले सण

चैत्र शुद्ध प्रतिपदा उजाडली की कोकण किनाऱ्यावरील प्रत्येक घराच्या दारात दोन पाहुणे एकदमच येऊन उभे राहतात. एक गुढी आणि दुसरा उन्हाळा. गुढीचे स्वागत कसे करावयाचे हे घरातील लहान मुलासही ठाऊक असते. पहाटेचे अभ्यंगस्नान, वेळूची काठी, तिच्या टोकास रेशमी वस्त्र, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि वर पालथा घातलेला तांब्या. उन्हाळ्याचे स्वागत कसे करावयाचे याचा विचार मात्र आपण बहुधा घाम पुसता पुसताच करतो.

वास्तविक पाडव्यापासून रामनवमीपर्यंतचा हा आठ-नऊ दिवसांचा काळ म्हणजे किनाऱ्यावरील ऋतुपालटाचा काळ होय. याच दिवसांत गावोगावी स्वागतयात्रा निघतात, वासंतिक नवरात्र बसते, तृतीयेस चैत्रगौर झोपाळ्यावर विराजमान होते. षष्ठी-सप्तमीच्या यात्रेसाठी आगरी-कोळी समाजाचे असंख्य भाविक किनारा सोडून कार्ल्याच्या एकवीरा आईच्या डोंगराकडे निघतात. त्यांतील कित्येक जण पालखीबरोबर पायी जातात. आणि नवमीला तर भर मध्यान्ही रामजन्माचा सोहळा असतो. म्हणजे ज्या आठवड्यात ऊन झपाट्याने चढते, नेमक्या त्याच आठवड्यात आपण सहकुटुंब घराबाहेर असतो. म्हणूनच पाडव्याच्या दिवशी पंचांगाशेजारी हवामानाचा अंदाजही ठेवावा, आणि या दोहोंपैकी कोणाला काय विचारावयाचे हे नीट समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एकच पाडवा, ऊन मात्र निरनिराळे

गेल्या काही वर्षांतील पाडव्याच्या तारखा पाहाव्यात. २०२३ साली पाडवा २२ मार्चला आला, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला. तिथी तीच, परंतु ऋतूच्या हिशेबाने ती तीन-तीन आठवडे मागेपुढे सरकते. याचे कारण आपल्या कालगणनेतच आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारे हे अकरा दिवसांचे अंतर साधारणपणे ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिक मास भरून काढतो. तोवर सण मागे मागे येत राहतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात.

ऊन मात्र चंद्राला विचारून पडत नाही. ते सूर्याच्या मार्गावर अवलंबून असते. सूर्य २०-२१ मार्चच्या सुमारास विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे सरकू लागतो आणि दुपारचे किरण दिवसेंदिवस अधिकाधिक सरळ येतात. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलेला पाडवा आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलेला पाडवा यांच्या सकाळी सारख्याच मंगल असल्या, तरी दुपारी सारख्या नसतात. मागच्या वर्षी स्वागतयात्रा अकरापर्यंत सुखाने चालली म्हणून यंदाही चालेल, हा हिशेब चुकीचा ठरतो तो यामुळेच.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. त्यांनी सण-व्रते चंद्राच्या तिथीवर ठेवली, पण शेतकऱ्याची पर्जन्यनक्षत्रे सूर्यावर ठेवली. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस दरसाल ७-८ जूनलाच येतो. पाडवा लवकर येवो वा उशिरा, मृगाची तारीख हलत नाही. पंचांगातही पाडव्याच्या वारावरून वर्षाचा राजा ठरतो, परंतु मेघेश पाहावयाचा तो सूर्याच्या आर्द्राप्रवेशावरून. धर्मकृत्याला चंद्र आणि पावसापाण्याला सूर्य, ही विभागणी आपल्या परंपरेनेच करून ठेवलेली आहे. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली, तिचा चैत्रही सूर्यावरच बेतलेला आहे. म्हणून तिथी पंचांगाला विचारावी आणि दुपारचे ऊन हवामानाच्या अंदाजाला विचारावे, यात परंपरेला सोडून असे काहीच नाही.

पंचांगावरून समजणारा समुद्र

किनाऱ्यावरील माणसाला पंचांगाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो घाटावरील माणसाला सहसा ठाऊक नसतो. भरती-ओहोटी ही मुख्यतः चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणाने होते. तिथी म्हणजे तरी काय, तर सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतराचे माप. त्यामुळे तिथी कळली की समुद्राची वेळही कळते. कोकणातील जुन्या पिढीचा नियम असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वेळी पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती आणि नऊ वाजता ओहोटी. नियम स्थूल आहे, बंदराबंदरागणिक थोडाफार फरक पडतो, पण अंदाज बांधावयास तो पुरेसा आहे.

हा नियम आपल्या दोन सणांना लावून पाहावा. पाडव्याला प्रतिपदा, म्हणून पूर्ण भरती दुपारी पाऊणच्या सुमारास. नवमीला नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे भरती सकाळी पावणेसातला आणि ओहोटी दुपारी पाऊणच्या सुमारास. पाडव्याच्या दुपारी समुद्र भरलेला असतो आणि रामजन्माच्या वेळी तो ओसरलेला असतो. शिवाय अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते, तर अष्टमीच्या पुढेमागे भांगाची. गणपतीपुळे, हरिहरेश्वर यांसारख्या किनाऱ्यावरील देवस्थानांत दर्शनासाठी जाणाऱ्या आणि नंतर मुलाबाळांसह पाण्यात उतरणाऱ्या कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे की, पाडव्यानंतरचे दोन-तीन दिवस पाणी अधिक वर चढते आणि तितक्याच ओढीने मागे फिरते. ओहोटीच्या वेळी समुद्र शांत दिसतो, पण आत खेचणारी ओढ तेव्हाही असते. जीवरक्षकांची सूचना आणि स्थानिक कोळी बांधवांचा शब्द हाच अशा ठिकाणी प्रमाण मानावा. दूरच्या समुद्रात उठून किनाऱ्यावर येणाऱ्या उंच लाटांचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देत असते. त्या लाटा कोणत्या दिवशी येतील हे पंचांगात नसते.

किनाऱ्याचा उन्हाळा वाऱ्याच्या हातात

आता उन्हाकडे वळू. देशावरचे ऊन कोरडे आणि सरळ असते. सूर्य चढला की तापते, उतरला की निवते. कोकणात दुपारचे तापमान ठरविण्यात सूर्याइतकाच वाटा वाऱ्याचा असतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा आत येते. हेच खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा उलट फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. फाल्गुन-चैत्रात पहाटे गुढी उभारताना किनाऱ्यावर जो सुखद गारवा लागतो, अंगणातील पानांवर कधी कधी दहिवर दिसते, तो या मतलई वाऱ्यांचा आणि निरभ्र रात्रीचा प्रसाद होय.

मुंबईसारख्या ठिकाणी मार्च महिन्यातील सरासरी कमाल तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एरवी दुपारी बाराच्या सुमारास खारे वारे सुरू झाले की पारा तेथेच थबकतो. परंतु वसंत ऋतूत काही दिवस असे येतात की, वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून जोराने वाहतात आणि खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावरच अडवून धरतात. हे पूर्वेचे वारे दख्खनच्या तापलेल्या पठारावरून निघतात आणि सह्याद्री उतरून कोकणात येतात. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी तापते. म्हणजे पठारावरची आधीच तापलेली हवा पाच-सहाशे मीटर उतरून खाली येईपर्यंत आणखी पाच-सहा अंशांनी गरम होते. खारे वारे बाराऐवजी दोन-तीन वाजता आले, तर मधल्या दोन तासांत पारा अनपेक्षित उंची गाठतो.

यामुळेच कोकणातील तीव्र उष्णतेचे दिवस पुष्कळदा मे महिन्यात नव्हे, तर मार्च-एप्रिलमध्येच येतात. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत मार्चमधील उच्चांक २८ मार्च १९५६ रोजी नोंदला गेला, तो ४१.७ अंशांचा. तेथील एकूण उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा, ४२.२ अंशांचा. मे महिन्यात समुद्राकडून येणारे वारे स्थिरावतात. घाम अधिक येतो, पण पारा तितका उसळत नाही. मार्चमध्ये मात्र शरीर अजून थंडीच्या सवयीत असते आणि ऊन एका दिवसात पाच-सात अंश वर जाते.

अलीकडे तर हे दिवस आणखी अलीकडे येऊ लागल्याचा अनुभव आहे. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि त्याच सुमारास मुंबई-ठाणे परिसराला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता. शिशिर ऋतू संपावयाच्या आधीच ग्रीष्माने दार ठोठावले, असाच तो प्रकार. दुसऱ्या बाजूने, ६ व ७ मार्च २०२३ रोजी ऐन होळीच्या सुमारास मुंबई आणि उत्तर कोकणात विजांच्या कडकडाटासह अवकाळी सरी कोसळल्या. मार्च महिन्यात कोकणात पाऊस नसल्यासारखाच असतो, हे खरे. परंतु नसल्यासारखा आणि नसतोच यांतील अंतर सणाच्या मांडवाला महागात पडू शकते.

रामजन्माचा मध्यान्ह

या आठवड्यातील इतर सर्व कृत्ये सकाळची अथवा सायंकाळची आहेत. गुढी सूर्योदयानंतर उभारावयाची आणि सूर्यास्तापूर्वी उतरवावयाची. घटाची पूजा सकाळी. चैत्रगौरीचे हळदीकुंकू तिसऱ्या प्रहरानंतर. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली आणि पुढे गावोगावी पसरलेली नववर्ष स्वागतयात्रा भल्या सकाळीच निघते. उन्हाळ्यातील दिनक्रम कसा असावा याचा धडाच जणू या वेळापत्रकात आहे. अपवाद एकट्या रामनवमीचा. प्रभू रामचंद्रांचा जन्म मध्यान्हीचा, म्हणून सोहळाही मध्यान्हीच होतो, आणि तो तसाच व्हावा.

कोकणात घड्याळातील बारा म्हणजे सूर्याचा मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेकडील रेखावृत्तावरून मोजली जाते. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर चैत्रात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर. तापमान त्यानंतरही वाढत राहते. पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला गेला, आणि महाप्रसादाची रांग मांडवाबाहेर उन्हात उभी राहिली, ती वेळ साधारण एक ते तीनची. दिवसातील सर्वांत कठीण वेळ नेमकी हीच. २०१८ साली रामनवमी २५ मार्चला आली होती आणि त्याच दिवशी सांताक्रूझला ४१ अंश तापमानाची नोंद झाली.

केवळ पारा पाहून निश्चिंत होणेही योग्य नव्हे. आपले शरीर घाम सुकवून स्वतःला थंड ठेवते. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही. अंग ओले राहते आणि आतील उष्णता आतच कोंडते. म्हणून देशावर ४० अंश जितके सोसवतात तितके कोकणात ३७-३८ अंशही सोसवत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी, चैत्र वद्य एकादशीच्या दिवशी, नवी मुंबईतील खारघर येथे एका शासकीय पुरस्कार सोहळ्यास लाखोंचा जनसमुदाय भर उन्हात बसला होता. उष्माघाताने त्यांतील १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तेथील पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली नव्हती. आलेले लोक श्रद्धेने आले होते, शिस्तीने बसले होते, आणि उठून सावलीत जावे असे त्यांतील कित्येकांना वाटले नसेल. श्रद्धावंत माणूस स्वतःच्या त्रासाची तक्रार लवकर करीत नाही. म्हणूनच त्याची काळजी इतरांनी वाहावी लागते.

आठवड्याचा अंदाज कसा वाचावा

आकाश पाहून पुढचे सांगण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघ, वारा, वीज, चंद्र-सूर्याभोवतीची खळी यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. मेघगर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी वृष्टी होते असेही त्यात म्हटले आहे. यातील प्रत्येक विधान आज कसोटीस उतरेल असे नाही. परंतु रोज आकाशाकडे पाहावे, नोंद ठेवावी आणि तीवरून अनुमान करावे, ही वृत्ती तीच. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली आणि १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. कोकणाचे जिल्हावार अंदाज आज कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून दिले जातात. २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झालेली, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत अंदाज प्रणाली सहा-सहा किलोमीटरच्या चौकटीत देशाचे हवामान मांडते.

एवढे असूनही वर्षभराचे हवामान दिवसवार सांगणे कोणासही शक्य नाही. ग्रहणाची वेळ शंभर वर्षे आधी काढता येते, कारण सूर्य-चंद्राच्या गती नियमबद्ध आहेत. वातावरण तसे नाही. आरंभीचा सूक्ष्म फरकही काही दिवसांत मोठे रूप घेतो, हे एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज भरवशाचा, चौथ्या-पाचव्या दिवसाचा सावधपणे घेण्याचा आणि त्यापुढील केवळ कल हेरण्यापुरता, असे प्रमाण धरावे. पाडव्याला पाहिलेला अंदाज रामनवमीसाठी गृहीत धरू नये. पंचांग वर्षातून एकदा घ्यावयाचे असते. हवामानाचा अंदाज रोज पाहावयाचा असतो.

या अंदाजात चार रंग असतात. हिरवा म्हणजे चिंता नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे तत्काळ कृती करा. किनारी भागात कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून अधिक झाले आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असले, तर उष्णतेची लाट मानली जाते. मैदानी प्रदेशासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. लाट नसतानाही ‘उष्ण व दमट हवामान’ असा इशारा पुष्कळदा दिला जातो. कोकणवासीयांनी या शब्दांकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. वाऱ्याची दिशाही पाहावी. सकाळचे वारे पूर्वेकडून वा ईशान्येकडून जोरात आणि आकाश स्वच्छ असेल, तर खारे वारे उशिरा येतील व दुपार कडक जाईल असे समजावे. वारे वायव्येकडून लवकर सुरू झाले, तर पारा आवरता राहील, घाम मात्र वाढेल. हवामान विभागाचे ‘मौसम’ आणि विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ही दोन्ही साधने भ्रमणध्वनीवर विनामूल्य मिळतात. घरातील तरुण मुलाने वा सुनेने रोज सकाळी देवपूजेनंतर ती पाहून वडीलधाऱ्यांना सांगावीत.

मोहर, कैरी आणि बागाईतदार

किनाऱ्यावरील कित्येक घरांचे वर्षफल पंचांगाच्या पानावर नव्हे, तर परसातील कलमांवर टांगलेले असते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोकणचा हापूस याच दिवसांत कैरीच्या रूपात वाढत असतो. मार्चअखेर पारा एकाएकी चढला की कोवळी फळे गळतात, उन्हाच्या बाजूची साल भाजते आणि तयार फळात आतून साका धरण्याची भीती वाढते. ढगाळ, कोंदट हवा राहिली तर तुडतुडे आणि फुलकिडे माजतात. म्हणून उष्णतेचा इशारा मिळताच झाडाच्या विस्ताराखाली आच्छादन करावे, पाण्याची सोय असेल तेथे पाणी द्यावे, फळांना कागदी पिशव्या घालाव्यात आणि तोडणी सकाळी लवकर अथवा ऊन कलल्यावर करून फळे तत्काळ सावलीत न्यावीत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा कृषिहवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी निघतो. बागाईतदारांनी तो अवश्य पाहावा. आणि सणाच्या दिवशीही जो गडी झाडावर चढलेला आहे, त्याच्यासाठी खाली पाण्याचा माठ भरलेला असावा.

व्रत आणि आरोग्य

आपल्या चैत्रातील प्रसादाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील शहाणपण उमगते. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने हिंग, मिरी, ओवा, मीठ आणि गूळ घालून खावयाची. चैत्रगौरीला कैरीचे पन्हे आणि वाटली डाळ, भिजविलेले हरभरे, कलिंगड, काकडी. घामावाटे शरीरातील पाणी आणि मीठ दोन्ही जातात. पन्ह्यात पाणी, मीठ आणि गूळ-साखर तिन्ही असतात. घरी आलेल्या सुवासिनीला हळदीकुंकवाबरोबर पन्ह्याचा पेला देण्याची रीत ज्या कोणी घालून दिली, तिला किनाऱ्याचा उन्हाळा पुरता कळला होता यात शंका नाही.

वासंतिक नवरात्राचे अथवा रामनवमीचे उपवास करणाऱ्यांनीही दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. जल, फळे, मुळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्राचे सुप्रसिद्ध वचन आहे. त्याचप्रमाणे बाल, वृद्ध आणि रुग्ण यांना शास्त्रानेच सवलत दिली आहे. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आजींनी उन्हात निर्जळ राहून रांगेत उभे राहण्याचा आग्रह धरू नये, आणि घरच्यांनी तो धरू देऊ नये. ताक, शहाळ्याचे पाणी, लिंबाचे सरबत तासातासाला घेत राहावे. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी उपवासापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

उत्सवमंडळांनी आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी काही व्यवस्था आधीच करावी. प्रसादाची रांग सावलीतून जावी. अनवाणी भाविकांसाठी तापलेल्या फरशीवर ओले गोणपाट अंथरावे. पाणी मांडवाच्या एका कोपऱ्यात न ठेवता रांगेतच फिरवावे. नारिंगी वा तांबडा इशारा असेल त्या दिवशी जन्मसोहळा वेळेवरच करावा, परंतु मिरवणूक सायंकाळी न्यावी. कोणाचे अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, किंवा शुद्ध हरपत चाललेली दिसली, तर त्यास तत्काळ सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी शिंपून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पाडव्याचे विसरलेले दान

शेवटी एका दानाची आठवण करून द्यावीशी वाटते. मूळचे कोकणातील गोळवली गावचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरी ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ रचला. आपल्या घरोघरच्या व्रतवैकल्यांचा निर्णय पुष्कळदा त्यावरूनच होतो. त्यात चैत्रात प्रपादानाचा आरंभ करावा असे सांगितले आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही, जातपात न विचारता, चार महिने थंड पाणी पाजावयाचे. ज्याला तेवढे सामर्थ्य नसेल त्याने रोज एक उदककुंभ, म्हणजे पाण्याने भरलेला घडा, दान द्यावा.

गुढी, कडुलिंब आणि श्रीखंड-पुरी आपण निष्ठेने सांभाळली. हे दान मात्र बहुतेक घरांतून विसरले गेले. ते पुन्हा सुरू करावयास फारसे काही लागत नाही. फाटकाशी एक माठ, वर स्वच्छ झाकण, एक ओगराळे आणि रोज सकाळी पाणी बदलण्याची आठवण, एवढे पुरे. दुपारी दारावरून जाणारा टपालवाला, मासळीची पाटी घेऊन फिरणारी कोळीण, रस्त्याचे काम करणारा मजूर, सामान पोहोचवणारा मुलगा, यांना उन्हाची सुटी नसते. या आठवड्याच्या हवामानाचा अंदाज ज्यांना सर्वांत आधी कळावयास हवा, त्यांच्या हाती तो पाहावयास बहुधा वेळ नसतो. आपल्या दारातील माठ त्यांच्यासाठी आहे.

तेव्हा वाचकहो, पाडव्याला पंचांगाचे पूजन करावे, संवत्सराचे फल ऐकावे, आणि त्याच पाटावर बसून पुढील तीन दिवसांच्या उन्हाचीही चौकशी करावी. सकाळ देवाची, दुपार सावलीची आणि सायंकाळ खाऱ्या वाऱ्याची, असा दिनक्रम रामनवमीपर्यंत ठेवावा. नवे संवत्सर आपणां सर्वांस आरोग्याचे, आणि किनाऱ्यावरील प्रत्येक वाटसरूस थंड पाण्याचे जावो.